संगणक सुरू होत नाही? आधी माहिती वाचवा, मग दुरुस्ती करा



घरातला संगणक एके दिवशी सुरूच होत नाही. काळ्या पडद्यावर चार-दोन इंग्रजी ओळी उमटतात आणि सगळे तिथेच थांबते. घरची मंडळी घाबरतात. संगणक उचलून दुकानात नेला जातो. दुकानदार दोन बटणे दाबून पाहतो आणि सांगतो, "फॉर्मॅट मारावा लागेल." आपण मान डोलावतो. संध्याकाळी संगणक सुरू होऊन घरी येतो खरा. पण त्याच्या पोटातले सर्व काही गेलेले असते.

काय गेलेले असते? मुलीच्या जातीच्या दाखल्याची आणि जात पडताळणी प्रमाणपत्राची स्कॅन केलेली प्रत, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी जमवलेली कागदपत्रे, मुलाचा कॉलेजचा प्रकल्प, बचत गटाचा हिशेब, वारलेल्या आजीचे फोटो. कुलूप अडकले म्हणून कोणी घर पाडत नाही. परंतु संगणकाच्या बाबतीत नेमके तेच होते आणि वर त्याची मजुरीही आपणच मोजतो.

म्हणून आजच्या लेखात एकच गोष्ट मनावर ठसवायची आहे. संगणक सुरू न होणे आणि त्यातील माहिती नष्ट होणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक वेळा माहिती हार्डडिस्कवर जशीच्या तशी असते. फक्त तिथपर्यंत जाणारी वाट कुठेतरी अडलेली असते. कुठे अडली हे ओळखता आले, तर ती मोकळी करणे आपल्या मुला-मुलींनाही जमण्यासारखे आहे.

आज आपण लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाचा विचार करणार आहोत. विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांवर नियमानुसार बसत नाही. चांगले चालणारे यंत्र भंगारात कशाला घालायचे, म्हणून अनेकांनी त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट बसवून घेतले. मिंटला किमान २ जीबी मेमरी पुरते, ४ जीबी असेल तर काम आरामात होते. शिवाय परवान्यासाठी पैसे पडत नाहीत. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहायला घेतला आणि पुढे तो सर्वांसाठी खुला ठेवला. खुलेपणाचा एक मोठा फायदा असा, की हा संगणक बिघडला तर दुरुस्तीची हत्यारे त्याच्यासोबतच मिळतात. ती वेगळी विकत घ्यावी लागत नाहीत.

संगणक जागा कसा होतो?

बिघाड समजून घ्यायचा तर आधी चांगला संगणक कसा सुरू होतो ते पाहिले पाहिजे. सकाळी एखादे कार्यालय उघडते तसाच हा प्रकार आहे.

सर्वप्रथम पहारेकरी येतो. बटण दाबताच मदरबोर्डवरील एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. जुन्या यंत्रांत त्याला बायॉस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. मेमरी, कीबोर्ड, हार्डडिस्क जागेवर आहे का ते तो पाहतो आणि पुढचा कारभार कोणाच्या हाती द्यायचा ते ठरवतो.

दुसरा येतो शिपाई. त्याचे नाव ग्रब. कोणत्या खोलीचे दार उघडायचे ते त्याला ठाऊक असते. संगणकात लिनक्स आणि विंडोज दोन्ही असतील, तर कोणते हवे ते विचारणारा मेनू तोच दाखवतो.

तिसरा म्हणजे साहेब, अर्थात लिनक्सचा गाभा. त्याला कर्नल म्हणतात. मुख्य कपाट उघडेपर्यंत लागणारी मोजकी हत्यारे त्याच्यासोबत एका छोट्या पिशवीत येतात. त्या पिशवीचे नाव इनिटरामएफएस. हे नाव लक्षात ठेवा. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

चौथा हेडक्लार्क. त्याचे नाव सिस्टिम-डी. तो एका यादीप्रमाणे एकेक कपाट उघडतो, एकेक टेबल चालू करतो. कपाटांची ही यादी एफएस-टॅब नावाच्या एका साध्या फाईलमध्ये लिहिलेली असते. शेवटी लोकांसाठी खिडकी उघडते, म्हणजे आपले नाव आणि पासवर्ड विचारणारा पडदा येतो.

आता लक्षात येईल, की "संगणक सुरू होत नाही" हे वाक्य पुरेसे नाही. पहारेकरी आला नाही, शिपायाला दार सापडले नाही, साहेबाला कपाट उघडले नाही, की हेडक्लार्क यादीत अडकला? प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

पहिल्या पंधरा मिनिटांत

पडद्यावर जे काही आले असेल त्याचा मोबाईलवर फोटो काढा. ती इंग्रजी ओळ म्हणजे रोग्याने सांगितलेले दुखणे आहे. ती न वाचता उपचार सुरू करू नयेत.

संगणकाला लावलेले पेनड्राईव्ह, प्रिंटर, बाहेरची हार्डडिस्क काढून ठेवा आणि एकदा सुरू करून पाहा. विसरलेल्या पेनड्राईव्हमुळेही संगणक अडतो. डेस्कटॉप असेल तर वायर काढून, आतील हार्डडिस्कची केबल नीट बसली आहे का ते पाहा.

बटण दाबून पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. हार्डडिस्क खराब होत असेल तर प्रत्येक वेळी तिचे आयुष्य घटते. हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर ती ताबडतोब बंद करा.

शेवटी घरात विचारा: बंद पडण्याआधी काय झाले होते? वीज गेली होती का? अपडेट चालू होते का? कोणी नवीन काही बसवले का? मात्र हे रागावून विचारू नका. मुलांना धाक असेल तर ती खरे सांगत नाहीत, आणि खरे कळल्याशिवाय बिघाड सापडत नाही.

आधी माहिती बाहेर काढा

दुरुस्तीत काही चुकले तरी चालेल, अशी स्थिती आधी निर्माण केली पाहिजे. त्यासाठी लागते ती लाईव्ह पेनड्राईव्ह. म्हणजे अख्खे लिनक्स एका पेनड्राईव्हवर. संगणक हार्डडिस्कला हातही न लावता त्या पेनड्राईव्हवरून चालतो.

ती तयार करायला दुसरा चालू संगणक आणि ८ जीबीची एक पेनड्राईव्ह पुरते. लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाईल उतरवून घ्या. विंडोजवर असाल तर रुफस, मिंटवर असाल तर यूएसबी इमेज रायटर या मोफत प्रोग्रॅमने ती पेनड्राईव्हवर चढवा. त्या पेनड्राईव्हवरील जुने सर्व काही पुसले जाते, हे विसरू नका. उबुंटूच्या संगणकासाठीही हीच मिंटची पेनड्राईव्ह चालते.

आता बंद संगणकाला ती लावा आणि सुरू करताच बूट मेनूचे बटण दाबत राहा. डेल, लेनोव्हो, एसर या यंत्रांत ते बहुधा एफ १२ असते, एचपीमध्ये एफ ९, आसूसमध्ये एफ ८ किंवा एस्केप. यादीत पेनड्राईव्ह निवडा. थोड्या वेळात मिंटचा पडदा येईल. त्यावर "इन्स्टॉल लिनक्स मिंट" असे एक चित्र दिसेल. त्याला अजिबात हात लावू नका. तिथून नव्याने बसवण्याचे काम सुरू होते आणि त्यात जुने पुसले जाऊ शकते.

फाईल्सची खिडकी उघडा. डाव्या बाजूला संगणकाची हार्डडिस्क दिसते. तिच्यावर क्लिक करा, "होम" फोल्डरमध्ये जा, तिथे आपल्या नावाचा फोल्डर असतो. परवानगी नाही असे उत्तर आले, तर उजव्या बटणाने क्लिक करून "ओपन अ‍ॅज रूट" निवडा. मग दुसरी पेनड्राईव्ह किंवा बाहेरची हार्डडिस्क लावून हवे ते फोल्डर तिच्यावर कॉपी करा. सर्वांत आधी कागदपत्रे, मग फोटो, सिनेमे-गाणी सर्वांत शेवटी. हार्डडिस्क केव्हा डोळे मिटेल याचा नेम नसतो, म्हणून हा क्रम महत्त्वाचा आहे.

कॉपी होताना "इनपुट-आउटपुट एरर" असा मजकूर वारंवार येत असेल, तर हार्डडिस्क शरीरानेच आजारी आहे असे समजावे. अशा वेळी निघेल तेवढे काढून घ्या आणि थांबा. पुढे सांगितलेले तपासणीचे उपाय अशा डिस्कवर करू नका. त्या मेहनतीने ती आणखी बिघडते. लिनक्स बसवताना संपूर्ण डिस्क सांकेतिक करून ठेवली असेल, तर ती उघडण्याचा परवलीचा शब्द लागेल. तो विसरला असेल तर मात्र इलाज नाही.

माहिती बाहेर आली? आता मनावरचे ओझे उतरले. यापुढे शांतपणे दुरुस्तीला बसता येईल.

कुठे अडले, त्याप्रमाणे उपाय

पुढे काही आज्ञा दिल्या आहेत. त्या येथे देवनागरीत अक्षरे सुटी करून छापल्या आहेत. संगणकावर मात्र इंग्रजी लहान अक्षरांत, सलग टाइप करायच्या. जिथे "जागा सोडून" असे म्हटले आहे तिथेच फक्त जागा सोडायची.

पहारेकऱ्याचे दुखणे. "नो बूटेबल डिव्हाईस" असा मजकूर येतो. याचा अर्थ हार्डडिस्क दिसत नाही, किंवा कुठून सुरू करायचे ही नोंद पुसली गेली आहे. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही बटणासारखी गोल बॅटरी संपली, की घड्याळ मागे जाते आणि सेटिंग हरवते. बॅटरी स्वस्त असते आणि सहज मिळते. ती बदलून बूटचा क्रम पुन्हा लावावा.

शिपायाचे दुखणे. पडद्यावर "ग्रब रेस्क्यू" असे शब्द येतात. शिपाई हजर आहे, पण त्याला खोली सापडत नाही. डिस्कचा एखादा भाग कोणी पुसला किंवा भागांची मांडणी बदलली, की असे होते. शेजारी विंडोज नव्याने बसवल्यावर संगणक थेट विंडोजमध्येच जाऊ लागतो, तोही याच जातीचा बिघाड. नव्या यंत्रावर पुष्कळदा बूट मेनूत "उबुंटू" निवडले तरी लिनक्स उघडते, कारण ते गेलेले नसते, फक्त रांगेत मागे पडलेले असते. तसे न झाल्यास मिंटच्या लाईव्ह पेनड्राईव्हवरून मेनूमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, त्यात बूट रिपेअर असा प्रोग्रॅम उघडावा. तो ग्रब पुन्हा जागेवर बसवतो.

साहेबाचे दुखणे. "कर्नल पॅनिक" हे शब्द वाचून पोटात गोळा येतो. अपडेटनंतर लगेच असे झाले असेल, तर नवा कर्नल अर्धवट बसला असण्याचा संभव मोठा. उबुंटू आणि मिंट नवा कर्नल बसवताना आधीचा ठेवतात, हे येथे कामी येते. संगणक सुरू होताना नव्या यंत्रात एस्केप आणि जुन्यात शिफ्ट दाबा, म्हणजे ग्रबचा मेनू दिसेल. त्यात "अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" निवडा आणि दुसऱ्या, म्हणजे आधीच्या क्रमांकाच्या कर्नलने सुरू करा. पुष्कळदा संगणक जणू काही झालेच नाही असा उघडतो. मग अपडेट पुन्हा नीट करून घ्यावे.

त्याच यादीत प्रत्येक कर्नलखाली "रिकव्हरी मोड" अशी ओळ असते. हा लिनक्सचा स्वतःचा दवाखाना आहे. तिथे एक साधा मेनू येतो. त्यातील "क्लीन" जागा मोकळी करण्याचा प्रयत्न करते, "डीपीकेजी" अर्धवट राहिलेले अपडेट दुरुस्त करते, "एफएससीके" डिस्कची तपासणी करते, "ग्रब" शिपायाची यादी नव्याने लिहिते आणि "रूट" आपल्या हाती सर्वाधिकार देते. काम झाले की "रिझ्यूम" निवडून पुढे जायचे. नवख्या माणसाने "रूट" सोडून बाकीचे पर्याय वापरावेत.

कपाटाचे दुखणे. वीज अचानक जाण्याने होणारा हा बिघाड आपल्याकडे नेहमीचा, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत मुलांसाठी जुने संगणक ठेवले आहेत. एका रात्री वीज गेली आणि सकाळी त्यांतील एकावर "इनिटरामएफएस" हा शब्द आणि शेजारी लुकलुकणारी रेघ, एवढेच दिसू लागले. त्यात स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांच्या टिपणांचा वर्षभराचा साठा होता. दुकानातून नेहमीचाच सल्ला आला, फॉर्मॅटचा. परंतु बारावीतल्या एका मुलीने आधी सर्व टिपणे लाईव्ह पेनड्राईव्हवरून काढून घेतली आणि मग दोन ओळींत संगणक सुरू केला. त्या दोन ओळी कोणत्या आणि त्या का चालल्या, हे समजून घेऊ.

ज्यांनी वहीखाते शिकले आहे त्यांना हे चटकन कळेल. दुकानात प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत नोंदतात आणि मग खतावणीत उतरवतात. मधेच दिवा गेला, तर रोजकीर्द पाहून खतावणी पुरी करता येते. लिनक्सच्या हार्डडिस्कवर बहुधा ईएक्सटी ४ नावाची मांडणी असते. ती २००८ साली लिनक्सच्या कर्नलमध्ये पक्की झाली. तिच्यातही अशीच रोजकीर्द आहे आणि इंग्रजीत तिचे नावही तेच, जर्नल. कोणती फाईल कुठे ठेवली याची नोंद आधी तिथे होते. वीज जाऊन परत आली, की लिनक्स ही रोजकीर्द वाचून पूर्ण नोंदी उतरवते आणि अपूर्ण नोंदी सोडून देते. म्हणून बहुतेक वेळा वीज गेली तरी आपल्याला काही जाणवतही नाही. मात्र ज्या फाईलवर त्या क्षणी लिहिणे चालू होते, तिचा न साठवलेला मजकूर जातो; तो रोजकीर्दीत नसतो.

कधी कधी मात्र रोजकीर्द आणि खतावणी यांचा मेळ बसत नाही. मग लिनक्स स्वतःहून पुढे जात नाही. चुकीच्या वहीवर लिहीत राहण्यापेक्षा थांबून माणसाला बोलावणे ते पसंत करते. ही त्याची सावधगिरी आहे, मृत्यू नव्हे. अशा वेळी वह्यांचे लेखापरीक्षण करावे लागते. त्या तपासनिसाचे नाव एफएससीके.

इनिटरामएफएसच्या लुकलुकणाऱ्या रेघेपुढे आधी ई-एक्स-आय-टी टाइप करून एंटर दाबा. संगणक पुन्हा तक्रार करील आणि त्या तक्रारीत डिस्कच्या भागाचे नाव देईल. उदाहरणार्थ, तिरकी रेघ, डी-ई-व्ही, तिरकी रेघ, एस-डी-ए-२. नाव जसे दिसते तसे कागदावर उतरवून घ्या. आता टाइप करा: एफ-एस-सी-के, एक जागा सोडून उणे चिन्ह आणि वाय, पुन्हा एक जागा सोडून ते भागाचे नाव. एंटर दाबा. तपासनीस एकेक चूक सांगत दुरुस्त करीत जाईल. उणे वायचा अर्थ "प्रत्येक प्रश्नाला होय" असा आहे. काम संपल्यावर आर-ई-बी-ओ-ओ-टी टाइप करून संगणक पुन्हा सुरू करा.

ज्या तुकड्यांचा मालक सापडत नाही ते तपासनीस "लॉस्ट अँड फाउंड" अशा अर्थाच्या एका फोल्डरमध्ये ठेवतो. एखादी फाईल दिसेनाशी झाली तर तिथे शोधावे. आणि एक सक्त सूचना: एफएससीके ही चालू, म्हणजे उघडलेल्या कपाटावर करायची गोष्ट नाही. कारकून लिहीत असताना तपासनिसाने त्याच वहीत खाडाखोड केली, तर दोघांचे लिखाण बिघडते. इनिटरामएफएसच्या वेळी कपाट बंद असते, म्हणून तिथे ते सुरक्षित आहे. लाईव्ह पेनड्राईव्हवरून करायचे असल्यास, आधी फाईल्सच्या खिडकीतून ती डिस्क बंद करून घ्यावी.

हेडक्लार्कचे दुखणे. पडद्यावर "यू आर इन इमर्जन्सी मोड" असे येते. त्याआधी दीड मिनिटापर्यंतचा काळ मोजणारी एक ओळ दिसलेली असते. हेडक्लार्कच्या यादीत जे कपाट लिहिले आहे ते जागेवर नाही, असा त्याचा अर्थ. जुनी दुसरी हार्डडिस्क काढून टाकली, पण यादीतून तिचे नाव काढायचे राहिले, की हे हमखास घडते. एंटर दाबल्यावर आज्ञा देण्याची जागा मिळते. काही यंत्रे पासवर्ड मागतात. तिथे एन-ए-एन-ओ, एक जागा सोडून तिरकी रेघ, ई-टी-सी, तिरकी रेघ, एफ-एस-टी-ए-बी असे टाइप केले की ती यादी उघडते. नसलेल्या डिस्कची ओळ पुसू नका. तिच्या सुरुवातीला फक्त हॅश हे चिन्ह घाला. मग लिनक्स ती ओळ वाचत नाही आणि पुढे चुकले असे वाटले तर चिन्ह काढून ती पूर्ववत करता येते. कंट्रोल व ओ, एंटर, कंट्रोल व एक्स दाबून बाहेर या आणि संगणक पुन्हा सुरू करा.

खिडकीचे दुखणे. सर्व काही सुरू होते, पण पडदा काळाच राहतो. हा पुष्कळदा ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचा बिघाड असतो. ग्रबच्या मेनूत ई हे अक्षर दाबा. "लिनक्स" या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधून तिच्या शेवटी एक जागा सोडून एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी जोडा आणि एफ १० दाबा. चित्र साध्या रीतीने दिसू लागेल. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे भीती नाही. आत गेल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर बसवावा.

दुसरा प्रकार असा, की पासवर्ड बरोबर असूनही पडदा क्षणभर लुकलुकतो आणि पुन्हा पासवर्डच मागतो. लोकांना वाटते पासवर्ड चुकला. डिस्क काठोकाठ भरली असली तरी असेच होते, कारण आत जाताना लागणारी छोटीशी नोंद लिहायलाही जागा उरत नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ एकत्र दाबा. साधा अक्षरांचा पडदा येईल. तिथे नाव व पासवर्ड देऊन आत जा. पासवर्ड टाइप करताना अक्षरे दिसत नाहीत, ते तसेच असते. डी-एफ, एक जागा सोडून उणे चिन्ह आणि एच, ही आज्ञा कोणता भाग किती टक्के भरला ते सांगते. १०० टक्के दिसले तर रोग सापडला. रिकव्हरी मोडमधील "क्लीन" किंवा लाईव्ह पेनड्राईव्हवरून मोठे सिनेमे हलवणे, हा त्यावरचा उपाय.

एक धोक्याची सूचना

चाणाक्ष वाचकांच्या मनात शंका आली असेल. लाईव्ह पेनड्राईव्ह लावून पासवर्डशिवाय आपण आपल्या फाईल्स काढल्या, मग दुसरा कोणीही काढू शकेल की! खरे आहे. लॉगिनचा पासवर्ड म्हणजे कार्यालयाच्या खिडकीची कडी आहे, तिजोरीचे कुलूप नव्हे. म्हणून जुना संगणक विकताना किंवा कोणाला देताना त्यातील डिस्क नीट पुसून द्यावी. ज्यात बँकेची आणि ओळखपत्रांची माहिती आहे असा लॅपटॉप बाहेर नेत असाल, तर लिनक्स बसवतानाच डिस्क सांकेतिक करण्याचा पर्याय घ्यावा आणि परवलीचा शब्द घरात सुरक्षित लिहून ठेवावा. दुरुस्तीला यंत्र देतानाही, शक्य असेल तर शेजारी बसून काम करून घ्यावे. "फॉर्मॅट करण्याआधी मला विचारा" हे तोंडी सांगून भागत नाही. पावतीवर लिहून घ्यावे.

वेळ येण्यापूर्वी

वरील सर्व उपाय आग लागल्यावरचे आहेत. आग लागू नये म्हणून चार गोष्टी कराव्यात.

एक, लाईव्ह पेनड्राईव्ह आजच तयार करून, नाव लिहून कपाटात ठेवा. घरातला एकुलता संगणक बंद पडल्यावर ती तयार करायला दुसरा शोधत फिरावे लागते. चार घरांत मिळून एक असली तरी चालेल.

दोन, मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाचा प्रोग्रॅम असतो. तो संगणकाच्या यंत्रणेची ठरावीक दिवशी नोंद घेऊन ठेवतो. अपडेट बिघडले तर त्या दिवसाच्या स्थितीत परत जाता येते. परंतु तो आपली कागदपत्रे व फोटो स्वतःहून सांभाळत नाही. त्यांची प्रत वेगळी काढावीच लागते.

तीन, संगणक नेहमी मेनूतून बंद करा. वीज वारंवार जात असेल तर डेस्कटॉपला यूपीएस जोडा. दोन-चार मिनिटांची वीज मिळाली तरी नीट बंद करायला तेवढी पुरते.

चार, संगणकाशेजारी एक वही ठेवा. कोणत्या तारखेला काय बसवले, कोणता भाग बदलला, कोणता बिघाड कसा दुरुस्त झाला, हे दोन ओळींत लिहावे. अभ्यासिकेतील संगणकासाठी तर हे अत्यावश्यकच समजावे. पुढच्या वेळी जो मुलगा किंवा मुलगी दुरुस्तीला बसेल, त्याला ती वही शंभर सल्ल्यांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

पालकांनी मुलांना, आणि विशेषतः मुलींना, हे काम करू द्यावे. "हात लावू नको, बिघडेल" असे आपण म्हणतो. पण माहितीची प्रत काढलेली असली, तर बिघडण्यासारखे फारसे काही उरत नाही आणि शिकण्यासारखे खूप काही असते. पडद्यावरची इंग्रजी ओळ वाचणे, तिचा अर्थ लावणे, कुठे अडले ते एकेक पायरी तपासत शोधणे, हीच सवय पुढे नोकरीतही उपयोगी पडते. घाबरून यंत्र दुकानात टाकण्यापेक्षा एक रविवार त्याच्यापाशी बसून पाहावे.

पुढील अंकात: दाखले, प्रमाणपत्रे आणि घरचे फोटो यांच्या प्रती कशा काढाव्यात, किती काढाव्यात आणि कुठे ठेवाव्यात.